जिल्ह्यातली सगळ्यात मोठी शेतकरीण

"धुरपताबाई किसन गवळे! कोण आहे इथं?"

कृषी खात्याच्या जीपमधून उतरलेला माणूस हातातल्या कागदात बघून ओरडला, तेव्हा मालगाडीच्या नऊ वाघिणी रिकाम्या झाल्या होत्या. सकाळचे दहा वाजले असतील, पहाटे चारपासून काम चालू होतं. धामणसरच्या मालधक्क्यावर युरियाच्या मालगाडीचा अर्धा रेक लागला होता. एकवीस वाघिणी, बहात्तर हमाल, आणि रेल्वेनं दिलेली वेळ संपायच्या आत सगळं खाली. मी ह्या हमालांच्या टोलीचा मुकादम. माझं काम उभं राहून ओरडायचं.

गणपत पाठीवर पोतं घेऊन पळता पळता म्हणाला, "आक्का, बोलावणं आलं बघ. लगीन ठरलं की काय तुझं?"

"तुझ्या बापासंग ठरलं असंल," आक्का वाघिणीच्या आतूनच म्हणाली.

बहात्तर माणसं हसली. धुरपता आक्का बाहेर आली. तोंडाला पदर बांधलेला, दोन्ही हातांना चिंध्या गुंडाळलेल्या, हातात खराटा. पंचावन्न-अठ्ठावन्नची असेल. नवरा किसन आमच्याच टोलीत होता. गोदामात पोत्यांची थप्पी अंगावर आली आणि गेला. टोलीचा एक रिवाज होता, माझ्या बापाच्या वेळेपासूनचा. जो हमाल कामावर मरेल, त्याच्या बायकोला चार वाघिणी. म्हणजे त्या चार वाघिणींत फाटक्या पोत्यांतून जे सांडेल, ते झाडून तिनं न्यायचं. त्याला आम्ही झाडण म्हणायचो. अशा पाच बाया होत्या. झाडण त्या बाजारात येणाऱ्या-जाणाऱ्या बारक्या शेतकऱ्यांना पायलीनं विकायच्या आणि त्यावर जगायच्या. रेल्वेला ठाऊक होतं, ठेकेदार शेठला ठाऊक होतं, कुणी कधी हात लावला नाही.

आक्कानं चिंध्या सोडल्या, हात लुगड्याला पुसले आणि जीपपुढं जाऊन उभी राहिली. तिचं तोंड एवढं उजळलेलं मी कधी बघितलं नव्हतं.

"मीच ती. आला का माझा निराधारचा पगार?"

साहेबानं तिच्याकडं वरून खाली बघितलं. कुलथे नाव त्याचं, खत निरीक्षक. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. तो कागद त्यानं पुन्हा वाचला, मग मोठ्यानं वाचला.

"गेल्या तीन महिन्यांत जिल्ह्यात सगळ्यात जास्त युरिया खरेदी करणारे वीस शेतकरी. एक नंबर, धुरपताबाई किसन गवळे, राहणार रेल्वे वस्ती, धामणसर. तीन हजार दोनशे चाळीस पोती."

मग जे हसणं उठलं ते थांबेना. माणसं पोती टाकून हसली. इस्माईलभाई, टोलीतला सगळ्यात जुना माणूस, डोळे पुसत म्हणाला, "साहेब, आक्काला एवढा युरिया पडला असता तर आत्तापर्यंत पालवी फुटली असती की हिला."

"एक नंबर म्हंजे बक्षीस असतंय का?" आक्कानं विचारलं.

"बाई, शेती किती आहे तुमची?"

"ह्या खराट्याखाली येती तेवढी."

कुलथे हसला नाही. मीही हसलो नाही. का हसलो नाही ते कळायला आधी थोडं सांगावं लागेल.

सरकारनं नियम चांगला केला होता. त्याच्या आधी खत कारखान्यातून निघालं की कंपनीला सबसिडी मिळायची, मग ते खत शेतात जावो नाहीतर नरकात. दिल्लीत कुणीतरी शहाण्या माणसानं ठरवलं, असं नको. दुकानात मशीन ठेवायचं. शेतकऱ्यानं येऊन अंगठा लावायचा. अंगठा लागला म्हणजे पोतं शेतकऱ्याच्या हातात पडलं, मगच सबसिडी. चोरी बंद. त्या शहाण्या माणसानं सगळा विचार केला, एक सोडून. अंगठा कुणालाही असतो.

आमचा उत्तमशेठ खताचा व्यापारी आणि रेक उतरवायचा ठेकेदारही तोच. त्याच्याकडं येणाऱ्या युरियातला निम्मा शेतात जायचाच नाही. प्लायवूड चिकटवायला जो डिंक करतात त्यात युरिया लागतो. कारखान्यांना तो महाग घ्यावा लागतो आणि शेतकऱ्याला सरकार स्वस्त देतं. तेव्हा पोतं बदलायचं, पांढऱ्या कोऱ्या पोत्यात भरायचं आणि ट्रक हैदराबादच्या रस्त्याला लावायचा. पोती बदलायचं काम कुणाचं? आमच्याच टोलीचं. मी साव नाही, टोलीही साव नव्हती. पण मशीनमध्ये तो माल विकलेला दिसायला पाहिजे, आणि विकलेला दिसायला अंगठे पाहिजेत.

हमालाचे अंगठे मशीन घेत नाही. पंधरा-वीस वर्षं सिमेंट आणि खताची पोती धरून बोटांवरच्या रेघा पार पुसून जातात. आमच्या माणसांना रेशन घ्यायलासुद्धा दहा-दहा वेळा बोट दाबावं लागायचं, तरी लाल दिवाच. आक्काचा अंगठा मात्र शाबूत होता, कारण ती चिंध्या गुंडाळून झाडायची. पहिल्या दाबाला हिरवा दिवा. मशीन तिच्यावर खूष होतं.

तिला मशीनपाशी कुणी नेलं? मी नेलं. तिला काय सांगितलं? सांगितलं की टोलीतल्या विधवा बायांची सरकारी हजेरी सुरू झालीय, जिची हजेरी जास्त तिचं निराधारचं प्रकरण आधी. ती दर सोमवारी यायची. शेठच्या दुकानाच्या नळावर हात घासून धुवायची, केसाचं तेल अंगठ्याला लावून पुसायची आणि दिवाणजीसमोर बसायची. मशीन टिंग करायचं. ती प्रत्येक टिंगला हसायची. एका बैठकीत चाळीस-पन्नास वेळा, आणि दर वेळी मशीनमध्ये तिच्या नावावर पाच-सहा पोती. एकदा दिवाणजी म्हणाला, "पुरे आज." तर ती म्हणाली, "अजून घ्या की, मला काय काम आहे?"

ह्याच्यासाठी मी हसलो नव्हतो.

उत्तमशेठची गाडी पाच मिनिटांत आली. कुणी कळवलं देव जाणे. त्यानं कुलथेला गोदामातल्या ऑफिसात नेऊन बसवलं, चहा सांगितला, पंखा त्याच्याकडं वळवला आणि बाहेर येऊन मला थप्प्यांच्या मधल्या बोळात ओढलं. दोन्ही बाजूंनी छपरापर्यंत पोती. युरियाचा वास नाकात जाऊन डोळ्यांत पाणी येतं तिथं.

"मुकादम, काय करायचं?"

"मला काय विचारता? मशीन तुमचं."

"मशीन माझं, बाई तुझी." शेठ आवाज न चढवता बोलायचा. "कुलथे आपला माणूस आहे. पण वरून यादी आलीय, त्याला कायतरी लिहून पाठवावंच लागतंय. दोन रस्ते हायत. एक, बाई म्हणती मला काहीच माहीत नाही, मला बसवून अंगठा घेतला. मग माझं लायसन गेलं. लायसन गेलं की रेकचा ठेका गेला. रेक जाणार पुढच्या स्टेशनला, तिथं त्यांची टोली हाय. तुझी बहात्तर माणसं काय करणार? ऊस तोडायला जाणार?"

"आणि दुसरा?"

"बाई म्हणती, हाव, मीच घेतला. संपलं. म्हातारी बाई हाय, विधवा हाय, तिला कोण काय करतंय? एक जबाब, एक अंगठा, फाईल बंद. कुलथेनंच सांगितलंय मला."

"खरंच बंद?"

"तुला काय वाटतं, सरकार एका झाडणवालीला फाशी देतंय?"

शेठ माझ्या जवळ सरकला आणि हळूच आणखी एक गोष्ट बोलला. ती मी टोलीला कधी सांगितली नाही. ती ऐकली आणि मी म्हणालो, "बघतो बोलून."

आक्का पाण्याच्या टाकीच्या सावलीला बसून भाकरी खात होती. बाकीच्या चार बाया भोवती. त्यांचं चाललं होतं, बक्षीस मिळालं तर आधी काय घ्यायचं. मी त्यांना उठवलं.

"आक्का, तो साहेब विचारल, युरिया तू घेतला का? तर हाव म्हणायचं."

तिनं घास चावता चावता माझ्याकडं बघितलं. "मी कुठं घेतला? मी तर झाडते."

"ते मला ठाऊक हाय. पण मशीनमध्ये तसं आलंय."

"मशीनमध्ये तर हजेरी होती."

"हजेरीच हाय. पण खताच्या खात्याचं मशीन हाय ना, त्यात पोती म्हणून दिसतंय." आता लिहिताना हाताला घाम येतोय. तेव्हा जिभेवर एकही शब्द अडला नाही. "तू न्हाय म्हणलीस तर शेठचं लायसन जातंय. रेक बंद. टोली उपाशी. तुझ्या चार वाघिणीपण गेल्या, ह्या बायांच्यापण गेल्या."

"खोटं बोलायचं म्हण की मग."

"टोलीसाठी."

ती बराच वेळ चटणीत बोट फिरवत राहिली. "किसन मेला तवा टोलीनं तेरावं केलं. मला इसरायचं न्हाय." मग विचारलं, "आणि पगाराचं?"

"हाव म्हणलीस की तेपण होईल."

हे वाक्य मला शेठनं शिकवलं नव्हतं. हे माझं स्वतःचं.

"होईल नव्हं?"

"होईल."

तिनं उरलेली भाकरी फडक्यात बांधली आणि चूळ भरली. "चल," म्हणाली.

इस्माईलभाई आडवा आला. पोतं खांद्यावर तसंच. "शेषेराव, तिला कुठं नेतोस?"

"जबाब द्यायचाय."

"कसला जबाब? तिला वाचता येतं का? आधी वस्तीत कुणाला तरी विचारू. वकिलाला विचारू."

"भाई, तुमचं पोतं उचला. वेळ चाललीय रेकची."

"वेळ रेकची चाललीय का तुझी?" एवढं बोलून तो गेला. मी मुकादम होतो. माझ्यापुढं कुणी जास्त बोलायचं नाही, असाही एक रिवाज होता.

ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला कुलथे, त्याच्या शेजारी शेठ. दिवाणजी दाराशी. आक्काला खुर्ची दिली तर ती खाली बसली. कुलथेनं कोरा कागद काढला, वर तारीख टाकली.

"नाव सांगा."

"मघाशी वाचलं की तुम्ही."

"सांगा बाई."

तिनं सांगितलं. वय विचारलं, तर म्हणाली, "किसनपेक्षा चार वर्षं बारकी. त्याचं त्याला ठाऊक होतं." कुलथेनं साठ लिहिलं.

"हा युरिया तुम्ही घेतला का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

"हाव."

"तीन हजार दोनशे चाळीस पोती?"

"असतील. मला शंभरापुढं येत न्हाय."

"कशासाठी घेतला?"

"खायला."

शेठ खुर्चीत हलला. कुलथेनं पेन खाली ठेवलं. "बाई, मस्करी करू नका. हा सरकारी जबाब आहे."

"मग तुम्हीच सांगा की कशासाठी घेतेत ते. मी काय कधी घेतला न्हाय—" ती थांबली, माझ्याकडं बघितलं. "म्हंजे घेतला. शेतासाठी."

"शेत कुठं आहे?"

पुन्हा ती माझ्याकडं बघते. इतकी माणसं समोर बसलेली, पण बाई प्रत्येक प्रश्नाला माझ्याकडं वळते. शाळेत पहिल्यांदा आलेलं लेकरू मास्तर सोडून बापाकडं बघतं ना, तसं.

"शेत नाही तर मग एवढा युरिया गेला कुठं?" कुलथेनं विचारलं.

ह्या प्रश्नाचं उत्तर आम्ही ठरवलंच नव्हतं. मी आणि शेठ दोघांनाही वाटलं होतं, हाव म्हणाली की संपलं. आक्कानं हात माझ्याकडं केला.

"शेषेराव सांगल. त्याला सगळं ठाऊक हाय."

पंखा चालू होता. बाहेर पोती पडल्याचा धप धप आवाज येत होता. कुलथेनं पेन माझ्याकडं वळवलं.

"तुम्ही सांगा मुकादम. कुठं गेला?"

मला ठाऊक होतं कुठं गेला. ट्रकचे नंबर ठाऊक होते. ड्रायव्हरची नावं ठाऊक होती. कोऱ्या पोत्यांचे गठ्ठे ज्या खोलीत ठेवलेले, ती खोली मी बसलो होतो तिथून दहा पावलांवर होती आणि तिची किल्ली माझ्याच कमरेला होती. एवढंच म्हणायचं होतं, साहेब, उठा, दाखवतो.

शेठ माझ्याकडं बघत नव्हता. टेबलावरची चहाची कपबशी सरळ करत होता.

"विकला असंल तिनं," मी म्हणालो. "मला काय माहीत."

कुलथेनं लिहिलं. वाचून दाखवलं नाही. मी उलटं वाचायला शिकलो होतो, धक्क्यावर पावत्या समोरच्याच्या हातात असताना वाचाव्या लागतात म्हणून. 'सदर युरिया मी जादा दराने काळ्या बाजारात विकला आहे.' आक्काचा अंगठा शाईच्या पॅडवर दाबला, कागदावर दाबला. तिनं सवयीनं मशीनच्या आवाजाची वाट बघितली. मग खाली पंच म्हणून मी सही केली. माझी सही चांगली आहे. टोलीत तेव्हा सही करणारा मी एकटाच.

"चला बाई, तालुक्याला," कुलथे म्हणाला.

"तालुक्याला कशाला?" मी विचारलं.

"पुढचे कागद तिथं होतात."

मी शेठकडं बघितलं. शेठ म्हणाला, "जाऊ दे की, संध्याकाळी येती."

आक्का जीपमध्ये चढली. पहिल्यांदाच बसत असावी, आधी पाय कुठं ठेवावा कळेना. बायांना ओरडून म्हणाली, "माझ्या चार वाघिणी झाडून ठेवा गं. येते मी." बाया हसल्या, हात केले. त्यांना वाटलं पगाराच्या कागदाला चाललीय. जीप वळली आणि रेल्वे फाटकाच्या रस्त्याला लागली.

ती संध्याकाळी आली नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'युरियाचा काळाबाजार करणाऱ्या महिलेला अटक'. फोटोत कुलथे, दोन पोलीस आणि मधे तोंडावर पदर घेतलेली आक्का. खाली लिहिलं होतं की कृषी खात्याच्या दक्षतेमुळं शेतकऱ्यांच्या हक्काचं खत लुटणारं जाळं उघड झालं. जाळं! चार फूट दहा इंचांचं जाळं, हातात खराटा घेतलेलं. उत्तमशेठचं लायसन पंधरा दिवस बंद ठेवलं, अंगठा घेताना खात्री केली नाही म्हणून. सोळाव्या दिवशी रेक आला.

इस्माईलभाईनं वकील धरला. त्या दिवशीची तिची झाडण बाकीच्या बायांनी विकून त्याच्या हातात दिली होती, त्यातून. कोर्टानं जामीन दिला, पण जामीनदार पाहिजे. जामीनदाराच्या नावावर सातबारा पाहिजे, नाहीतर घरपट्टीची पावती पाहिजे. आमची अख्खी वस्ती रेल्वेच्या जागेवर, घरपट्टी कुणाला असणार? जमीन बहात्तरांत एकालाही नव्हती. म्हणजे बघा. जिल्ह्यातली सगळ्यात मोठी शेतकरीण तुरुंगात का सडली? तर तिच्या ओळखीत एकही सातबारा नव्हता म्हणून. मी शेठकडं गेलो. तो म्हणाला, "मी जामीन राहिलो तर माझा संबंध लागतो. अडाणी हायस का?" चार महिन्यांनी इस्माईलभाईच्या मेव्हण्यानं स्वतःच्या घराची पावती लावली. त्या मेव्हण्यानं आक्काला कधी बघितलंही नव्हतं.

टोली वाचली म्हणाल, तर पुढच्याच वर्षी शेठनं तीस किलोमीटरवर नवा धक्का घेतला आणि रेक तिकडं नेला. पोती उचलायला तिथं मशीनचे फिरते पट्टे लावले. आमची माणसं ऊस तोडायलाच गेली.

आता ती गोष्ट सांगतो, जी शेठ थप्प्यांच्या बोळात हळूच बोलला होता.

तो म्हणाला होता, "मशीन आणलं तवा पहिले आठ दिवस कुणाचा अंगठा लावत होतो, इसरलास का? मशीनमध्ये ते अजून हाय. बाई बोलायला लागली तर कुलथेला मागचं पण बघावं लागल."

माझा अंगठा. मुकादम पोतं उचलत नाही. मुकादमाच्या बोटांवरच्या रेघा कशाला जातील? पहिले आठ दिवस मशीन माझ्यावर चाललं. मग मला भीती वाटायला लागली, की उद्या काही झालं तर नाव माझं. मी शेठला म्हणालो, दुसरं कुणीतरी बघू. टोलीत सांगितलं की माझाही अंगठा घेत नाही, लाल दिवा येतो. आणि आक्काला मशीनपाशी नेऊन बसवलं. बहात्तर माणसांची पोटं, रेक, ठेका, टोली... हे सगळं मी तिला सांगितलं ते खोटं नव्हतं. पण त्यातल्या कशासाठीही मी ते केलं नव्हतं.

आक्का सुटली त्याच्या तिसऱ्या दिवशी धक्क्यावर आली. रेक यायचा होता, टोली अजून जमली नव्हती. मी एकटाच फलाटाच्या कडेला बसलो होतो. ती येऊन बाजूला बसली. अंगावर तेच लुगडं. वाळून अर्धी झालेली.

"कधी आलीस?"

"परवा."

"काय त्रास..."

"तिथं भात देत होते. बरा होता."

मग मी म्हणालो, "आक्का, तुझ्या वाघिणी तशाच ठेवल्यात. कुणाला दिल्या न्हाईत."

"राहू दे. पोरीकडं चालले, वीटभट्टीवर. तिथं काम हाय." ती रुळांकडं बघत होती. "शेषा, तुझा अंगठा चालतोय."

मी अंगठा मुठीत घेतला.

"दिवाळीच्या आधी रेशनच्या दुकानात तुझ्या मागं मी होते. पहिल्याच दमात लागला तुझा. हिरवा दिवा. तू टोलीत सांगत होतास घेत न्हाय म्हणून. तवाच मला कळलं, मशीनमध्ये कायतरी वंगाळ हाय. हजेरी असती तर तू कशाला मागं सरला असतास?"

"मग... मग तरी तू येत राहिलीस?"

"तू बसवलं हुतंस ना. म्हणलं शेषा हाय, आपल्याला खड्ड्यात कसा घालील."

"आणि त्या दिवशी? साहेबापुढं? का नाही बोललीस?"

"तुझ्यावर सोपवलं की मी. म्हणलं तर साहेबाला, शेषेराव सांगल." तिनं पहिल्यांदा माझ्याकडं तोंड केलं. रागानं बघत नव्हती. रागानं बघितलं असतं तर मी हे आज लिहिलं नसतं. "तिथं शेठ हुता, तुला भ्या वाटलं असंल, म्हणून मी जीपमध्ये बसले. फाटक बंद हुतं. दोन मालगाड्या जायच्या हुत्या. पाऊण तास जीप तिथंच उभी. साहेब खाली उतरून इडी ओढत हुता. मी मागं वळून इकडंच बघत हुते. तू दिसत हुतास. म्हणलं आता येईल, मग येईल. इथून तिथवर किती लांब हाय?"

तिनं हात करून दाखवलं. फाटक तिथून दिसतं. दोनशे पावलं असतील.

"मग फाटक उघडलं," ती म्हणाली, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि गेली. वीटभट्टी कुठली ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पुढच्या वर्षी ती तिथंच वारली, असं बायांकडून कळलं. खटला तेव्हाही चालू होता.

जीप फाटकाशी उभी आहे, हे मला त्या दिवशी दिसत होतं. जीपच्या मागच्या कापडाच्या फटीतून तिचं तोंड दिसत होतं. पाऊण तास होता हे मला तिच्याकडून कळायची गरज नव्हती. रेकची वेळ सांभाळणं माझं काम, मनगटावर घड्याळ होतं. मी त्या जीपकडं पाठ केली आणि टोलीला ओरडून ओरडून कामाला लावलं. त्या पाऊण तासात आम्ही दोन वाघिणी रिकाम्या केल्या. इतक्या झपाट्यानं त्या टोलीनं कधी काम केलं नव्हतं.